नांव देवाचें, भुर्दंड कोणाचा?

महाराष्ट्राच्या एका कायद्याच्या अनुसूचींत एक कलम असें आहे कीं, तें अक्कलकुवा तालुक्यांतील प्रत्येक गोठ्यासमोर उभें राहून मोठ्यानें वाचून दाखविलें पाहिजे. अमुक माणूस करणी करतो, अमुक बाई मंत्रतंत्रानें जनावराचें दूध आटविते, असें लोकांत सांगून त्या माणसाचें जगणें मुष्किल करणें हा गुन्हा आहे, असें तें कलम म्हणतें. पुण्या-मुंबईच्या वाचकांस हें वाचून कदाचित् हसूं येईल. आम्हांस येत नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं मुलांना बाराखडी शिकविण्यांत आमचीं वर्षें गेलीं. येथें गाय आटली म्हणजे तिच्यापाठोपाठ कोणातरी बाईचें नशीबहि आटतें, हें आम्हांस ठाऊक आहे.

घडतें तें असें. ऐन पावसाळ्यांत लेंकरूं तापानें जातें, किंवा दुभत्या दिवसांत म्हैस दूध देईनाशी होते. दवाखाना लांब, मध्यें नाल्याला पाणी. घरचा माणूस भगताकडे जातो. भगत दाणे पाहतो आणि दिशा सांगतो. त्या दिशेस एक घर असतें. त्या घरांत बहुधा एखादी विधवा असते, किंवा एकटी म्हातारी असते. तिच्या पाठीशीं उभा राहील असा भाऊ नाहीं, कर्ता मुलगा नाहीं, परंतु तिच्या ताब्यांत थोडीबहुत जमीन असते. तिला डाकीण ठरविली कीं, मारहाण होते, वाळींत टाकणें होतें, गांव सोडणें होतें, आणि कधीं कधीं जीवहि जातो. मागें राहिलेली जमीन कोणाच्या नांगराखालीं गेली हें पाहिलें, म्हणजे देवीच्या कोपाचा उलगडा पुष्कळ वेळां आपोआप होतो.

हा कायदा होऊं नये म्हणून जे आडवे आले, त्यांनीं उघडपणें भगताची बाजू घेतली नाहीं. त्यांनीं धर्म पुढें केला. वारी बंद होईल, सत्यनारायण बंद होईल, नवस फेडणारा तुरुंगांत जाईल, अशी ओरड वर्षानुवर्षें चालली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं या कायद्यासाठीं सारें महाराष्ट्र पालथें घातलें. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत गोळ्या घालून त्यांचा खून करण्यांत आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारनें वटहुकूम काढला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा मंजूर केला. गुन्ह्यास ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद आणि ५ हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यांत आहे.

आतां त्यास दशकाहून अधिक काळ लोटला. पंढरीची वाट ओस पडली काय? कीर्तनकाराचा मृदंग कोणी जप्त केला काय? तसें होणारच नव्हतें. कारण प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, प्रवचन, घरांतील अथवा देवळांतील, दर्ग्यांतील उपासना यांस हा कायदा लागू नाहीं, असें त्याच कायद्यांत स्वच्छ लिहिलें आहे. मुलाचे कान टोंचणें आणि जैनांचें केशलोचन हीं सुद्धां नांव घेऊन वगळलीं आहेत. म्हणजे श्रद्धेला कायद्यानें हात लावला नाहीं. श्रद्धेच्या नांवावर दुसऱ्याच्या पाठींत जी काठी बसत होती, ती तेवढी धरली.

येथेंच आमच्या आजच्या विषयाचें मर्म आहे. देशाचे कायदे धर्मश्रद्धेवरून ठरवावे काय, असें कोणी आम्हांस विचारलें, तर आम्ही त्याला बाजारांत नेऊं. अक्कलकुव्याच्या किंवा मोलगीच्या बाजारांत भिल्ल येतो, पावरा येतो, मुसलमान येतो, वाणी येतो. एकाची याहामोगी, दुसऱ्याचा अल्ला, तिसऱ्याचा विठोबा. ज्वारी मात्र सर्वांना एकाच वजनानें मोजून मिळते. उद्यां एखादा दुकानदार म्हणूं लागला कीं, आमच्या देवानें सांगितलेला किलो आठशें ग्रॅमचा आहे, तर आपण त्याच्या देवाला शिव्या देणार नाहीं. पण त्याचें माप चालूं देणार नाहीं. कायदा हें तसेंच सर्वांचें माप आहे. देव ज्याचा त्याचा असावा. माप एकाच्या देवाचें आणि नुकसान दुसऱ्याच्या पदरीं, असें होऊं नये.

म्हणून आमची कसोटी कुणब्याच्या हिशेबाची आहे. कोणतीहि श्रद्धा कायद्याच्या दारांत आली, कीं तिला विचारावें: बाई, तुझा खर्च कोण सोसतो? एकादशी करणारा स्वतः उपाशी राहतो. रोजा धरणारा स्वतः तहान सोसतो. वारकरी स्वतःचे पाय झिजवितो. ज्या श्रद्धेचा खर्च श्रद्धाळू स्वतः सोसतो, तिच्या वाटेस कायद्यानें जाऊं नये. जिचा भुर्दंड दुसऱ्याच्या अंगावर बसतो, तिला कायद्यानें देवाच्या नांवावर माफी देऊं नये. आणि तशा श्रद्धेचाच कायदा करून ठेवणें, हा तर त्याहून मोठा अन्याय होय.

ही कसोटी आम्ही पुस्तकांतून काढलेली नाहीं. आमच्या वाडवडिलांनीं ती पैसे मोजून घेतली आहे. सोनार बांधवांना आपल्या जातीचा इतिहास ठाऊक असेल. १७७९ सालीं, पेशव्यांच्या सरकारच्या सांगण्यावरून, मुंबईच्या कंपनी सरकारनें सोनारांस ‘नमस्कार’ हा शब्द वापरण्याची मनाई केली. दोन हात जोडून एक शब्द उच्चारणें हा गुन्हा! त्यानें कोणाची चोरी होत होती, कोणाचें शेत बुडत होतें? कोणाचेंहि नाहीं. तो शब्द आमचाच, असें एका जातीस वाटे; तिच्या वाटण्यास राज्याच्या हुकुमाचें बळ मिळालें, आणि ज्यांच्या हातांनीं देवाचे दागिने घडविले त्यांच्याच तोंडाला कुलूप लागलें.

शेतकऱ्यांची कथा याहून खर्चाची. ग्रामजोशाची वृत्ति ही वतन समजली जात असे, आणि वतन म्हणजे मालमत्ता. म्हणून यजमानानें जोशाला न बोलावतां आपल्या घरचें कार्य उरकलें, तरी जोशी कोर्टांत जाऊन आपला हक्क मागे, आणि कोर्टें त्या हक्काची दखल घेत. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापन केला व त्याच वर्षीं भटाशिवाय लग्नें लावण्यास सुरुवात झाली. तेव्हां हा तंटा जोरावर आला. जुन्नर तालुक्यांत ओतूर येथें बाळाजी कुसाजी पाटील यांच्याविरुद्ध ग्रामजोशांनीं केलेली फिर्याद थेट मुंबईच्या हायकोर्टापर्यंत पोंचली होती. विचार करा, वाचकहो! लग्न पाटलाच्या घरचें, मांडव त्याचा, मंगलाष्टकें त्याच्या माणसांनीं म्हटलेलीं. आणि दक्षिणा न बोलावलेल्या जोशाला! न विणलेल्या कांबळ्याची किंमत धनगर मागत नाहीं, न घडविलेल्या मडक्याचे पैसे कुंभार मागत नाहीं. पण न म्हटलेल्या मंत्राची मजुरी मागतां येत होती, कारण त्या मागणीला श्रद्धेचा वास आणि कायद्याचा टेका होता. अखेर १९२६ सालीं मुंबई कायदेमंडळानें कायदा करून हा प्रकार बंद केला. त्यानें पूजा बंद झाली नाहीं. ज्यांना भटजी हवा ते आजहि त्यास बोलावतात व खुशीनें दक्षिणा देतात. बंद झाली ती सक्ति.

देवदासीची गोष्टहि तीच. नवस आईबापांचा आणि जन्म पोरीचा. १९३४ सालीं मुंबई प्रांतानें मुली देवाला वाहण्याच्या चालीविरुद्ध कायदा केला, तेव्हांहि धर्म बुडाल्याची हांकाटी झाली. देव बुडाला नाहीं. कांहीं मुली मात्र वांचल्या.

कोणी विचारील कीं, कायद्यांतून धर्म काढला तर नीति कोठून आणणार? तुमचे जोतीराव तरी देव मानीतच होते ना? होय, मानीत होते. सर्वांचा निर्मिक एक आहे, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती आणि तिच्याच बळावर ते शूद्रातिशूद्रांसाठीं उभे राहिले. श्रद्धेनें माणसाच्या अंगीं धैर्य येतें, दुसऱ्याचें दुःख दिसतें, हें आम्ही कधींहि नाकारलें नाहीं. कायदेमंडळांत बसणाऱ्यानें आपली सदसद्विवेकबुद्धि दाराबाहेर चपलांशेजारीं ठेवावी, असें आमचें म्हणणें नाहीं. पण आंत गेल्यावर त्यानें जें कारण सांगावयाचें, तें त्याचा देव न मानणाऱ्यालाहि तपासून पाहतां आलें पाहिजे. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. त्यासाठीं कोणतें वचन कोणत्या पोथींत आहे, हें शोधावें लागलें नाहीं. पोर शिकली तर सावकाराचा कागद वाचील, हें कारण मराठ्याला समजतें, महाराला समजतें, मुसलमानाला समजतें, आणि ज्याचा देवावर विश्वासच नाहीं त्यालाहि समजतें. उलट, ‘शास्त्रांत असें आहे’ एवढेंच कारण असेल, तर तें शास्त्र ज्याला वाचूं दिलें नाहीं त्यानें उत्तर काय द्यावें? आमच्या पूर्वजांनीं तें मुकाट्यानें सोसलें, कारण पोथी त्यांच्या हातीं नव्हती.

ही कसोटी एका धर्माला लावून दुसऱ्याला सूट द्यावी, हें आम्हांस मान्य नाहीं. हिंदु बायकांना मिळकतींत हक्क व नवऱ्याच्या जांचांतून सुटका मिळावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हिंदु कोड बिल मांडलें. त्याला शास्त्राच्या नांवावर इतका अडथळा झाला कीं, सप्टेंबर १९५१ मध्यें त्यांनीं कायदेमंत्र्याच्या जागेचा राजीनामा दिला. पुढें १९५५ व १९५६ सालीं त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले, आणि वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळण्यास २००५ साल उजाडावें लागलें. शास्त्र रक्षिण्याचा हा सारा खर्च भरला कोणीं? माहेरीं परत आलेल्या बहिणीनें.

मुसलमान समाजांत हमीद दलवाई यांनीं हेंच काम अंगावर घेतलें. १८ एप्रिल १९६६ रोजीं त्यांनीं सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. बायका सातच, पण तोंडीं तलाकाविरुद्ध रस्त्यावर आलेलीं तीं सात माणसें सातशेंच्या तोलाचीं होतीं. १९७० सालीं त्यांनीं पुण्यांत मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलें. त्या नांवांत जोतीरावांच्या घरचें नातें उघड आहे. एका दमांत तीन वेळां तलाक म्हणण्याची चाल सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०१७ मध्यें रद्द ठरविली व २०१९ सालीं तिच्याविरुद्ध कायदा झाला. शब्द नवऱ्याचा, आणि रस्त्यावर येणार बायको. म्हणून ती श्रद्धा नवऱ्याची खाजगी बाब राहूं शकत नव्हती.

बहिष्काराचें पहा. १९४९ सालीं मुंबई सरकारनें जातीबाहेर, पंथाबाहेर टाकण्यास बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंनीं त्यास हरकत घेतली, आणि पंथाची शिस्त राखणें हा धर्माचाच भाग आहे असें म्हणून १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें तो कायदा रद्द केला. मुख्य न्यायाधीश सिन्हा यांचें मत एकट्याचें व उलट होतें. पुढें २०२३ सालीं हा प्रश्न नऊ न्यायाधीशांकडे सोंपविण्यांत आला. मध्यंतरीं महाराष्ट्रानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा मंजूर केला व तो जुलै २०१७ पासून अंमलांत आला. जातपंचायतीनें कोणास वाळींत टाकल्यास ३ वर्षांपर्यंत कैद अथवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं होऊं शकतात. पंथानें आपल्या देवळांत कोणास पुजारी नेमावें हें पंथानें पहावें. परंतु विहिरीचें पाणी, दुकानाचें मीठ, मयताला खांदा, हीं कोणाच्या देवाची मालकी नव्हे.

आतां अवघड गोष्ट बोलतों. ही कसोटी दुसऱ्याच्या श्रद्धेला लावणें सोपें. आपल्या श्रद्धेला लावतांना हात कांपतो. गाय-बैल आमच्या घरचे. पोळ्याला त्यांच्या शिंगांना बेगड लावून पुरणपोळी भरविणारे आम्हीच. महाराष्ट्रांत गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यानेंच बंद होती. २०१५ सालीं राष्ट्रपतींची संमति मिळून जी दुरुस्ती अंमलांत आली, तिनें बैल व वळू यांचीहि कत्तल बंद केली. तीस ५ वर्षांपर्यंत कैद व १० हजारांपर्यंत दंड आहे. मुंबईच्या हायकोर्टानें २०१६ सालीं कत्तलीची ही बंदी कायम ठेवली. त्यापूर्वीं गुजरातच्या अशाच कायद्यास मान्यता देतांना सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं, म्हातारें जनावरहि शेण-मूत देतें व तें शेतीच्या उपयोगीं पडतें, असा हिशेब केला. हिशेब केला हें बरें झालें. कारण हिशेब म्हटला कीं तो तपासतां येतो.

तर तो आपण तपासूं. नांगर ओढून थकलेला बैल पूर्वीं बाजारांत विकला जाई, आणि त्या पैशांत थोडी भर घालून शेतकरी दुसरा बैल दावणीला आणी. कत्तल बंद झाली तेव्हां त्या म्हाताऱ्या बैलाचें गिऱ्हाईक मोडलें. चारा-पाणी मात्र रोजचें राहिलें. उन्हाळ्यांत कडब्याचा भाव कोठें जातो, हें ज्याच्या दावणीला जनावर आहे त्यानेंच सांगावें. शेणाची पाटी एका पारड्यांत घाला आणि कडब्याची पेंढी दुसऱ्या पारड्यांत. पारडें कोणीकडे झुकतें तें ज्याचें त्यानें पाहावें. ज्याला बैल कत्तलीला देणें पाप वाटतें, त्यानें तो देऊं नये. त्याच्या भूतदयेपुढें आम्ही नमतों. पण दया एकाची आणि वैरण दुसऱ्याची, हा धर्म नव्हे, ही ग्रामजोशाचीच जुनी दक्षिणा नव्या रूपानें आली. समाजाला हें पुण्य हवें असेल, तर त्याचा खर्च समाजानें तिजोरींतून सोसावा. एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या गोठ्यांत तो ढकलूं नये. आमचें हें म्हणणें कांहीं वाचकांस रुचणार नाहीं. त्यांनीं आम्हांस शास्त्रवचन न पाठवितां आपल्या गोठ्याचा जमाखर्च पाठवावा. आम्ही तो आनंदानें छापूं.

असा घोळ आपल्याच देशांत झाला असें नव्हे. आयर्लंडच्या १९३७ सालच्या राज्यघटनेंत घटस्फोटास बंदी होती, कारण कॅथलिक धर्मपीठास तो पाप वाटे. त्या देशांत प्रॉटेस्टंट होते, देव न मानणारेहि होते. त्यांनाहि तीच बेडी. दारूड्या नवऱ्यापासून कायमची सुटका मागणाऱ्या बाईचें दुःख तिच्या पंथाप्रमाणें कमीजास्त होत नाहीं. १९९५ सालीं तेथील लोकांनीं स्वतः मतें देऊन ती बंदी उठविली. धर्मपीठें आजहि तेथें उभीं आहेत, आणि ज्यांना लग्नगांठ अतूट वाटते ते ती अतूट ठेवतात.

आतां आमच्या डोंगरांतील बांधव विचारतील: मग आमच्या चालीरीतींचें काय? अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रांत आहे. १९९६ च्या पेसा कायद्यांत असें म्हटलें आहे कीं, अशा क्षेत्रांतील पंचायतींचे कायदे तेथील रूढी, सामाजिक व धार्मिक चालीरीति यांच्याशीं जुळते असावेत. मग येथें श्रद्धेनें कायदा घडविला नाहीं काय?

घडविला, आणि तो चांगला घडविला. कारण तेथें श्रद्धा ढाल आहे, काठी नव्हे. ओडिशांत नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण काढावयाची होती. तो डोंगर डोंगरिया कोंध लोकांचा देव. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, लोकांच्या श्रद्धेचा व हक्कांचा प्रश्न ग्रामसभांनीं ठरवावा. आणि बारा ग्रामसभा बसल्या त्या बाराहि ग्रामसभांनीं खाणीला नकार दिला. त्या नकारानें कोणा शेजाऱ्याचें घर मोडलें नाहीं, बलाढ्याच्या हातून दुबळ्याचें घर वांचलें. तसेंच काठीची राजवाडी होळी पहाटे पेटावी, देवमोगऱ्याच्या यात्रेला आमच्या गांवांतून माणसें जावींत, देवाचें रान देवाच्या नांवानें राखलें जावें. यांत कोणाचेंहि नुकसान नाहीं. बाहेरून येऊन ‘हें जंगली आहे, सोडा’ असें सांगणाऱ्या शहाण्यांना आमचा विरोध आहे. आपला धर्म दुसऱ्यावर लादणारा कायदा जितका वाईट, तितकाच दुसऱ्याचा निरुपद्रवी देव हिसकावून घेणारा कायदाहि वाईट.

परंतु तीच रूढी जेव्हां घरांतल्याच दुबळ्या माणसावर उलटते, तेव्हां ती ढाल राहत नाहीं. १९५६ चा हिंदु वारसा कायदा अनुसूचित जमातींस लागू नाहीं. त्यामुळें भिल्लाच्या वा पावऱ्याच्या मुलीला बापाच्या जमिनींत वाटा मिळणें रूढीवर अवलंबून राहिलें. आणि रूढी सांगणारे बहुधा भाऊ व काके. डिसेंबर २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें केंद्र सरकारला सुचविलें कीं, आदिवासी मुलींना वारसा नाकारणारी ही तरतूद बदलण्याचा विचार करावा. आणि जुलै २०२५ मध्यें एका गोंड कुटुंबाच्या दाव्यांत, बायकांना वाटा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नसतां केवळ बाई म्हणून तिला वगळणें समानतेच्या विरुद्ध आहे, असा निकाल दिला. जिला बापाच्या शेतांत वाटा नाहीं, तीच विधवा झाल्यावर नवऱ्याच्या शेतांत डोळ्यांत खुपते, आणि जी डोळ्यांत खुपते तिच्याकडेच भगताचें बोट वळतें. म्हणून आमच्या मतें डाकिणीचा प्रश्न आणि मुलीच्या सातबाऱ्याचा प्रश्न हे दोन प्रश्न नव्हेत.

ग्रामसभांनीं हें आपणहोऊन हातीं घ्यावें. बाहेरच्या कोणाची वाट कां पहावी? पण ग्रामसभा म्हणजे पारावरचे चार म्हातारे नव्हेत. ज्या रूढीचा भुर्दंड बायका भरतात, तिच्याविषयीं ठराव करतांना बायका मागें भिंतीशीं पदर ओढून बसल्या असतील, तर तो ठराव ग्रामसभेचा नव्हे.

कायदा झाला म्हणजे सारें झालें, अशाहि भ्रमांत आम्ही नाहीं. भगताचें घर जवळ आणि दवाखाना दूर, तोंवर कागदावरचें कलम कागदावरच राहील. भगताला जडीबुटी कळते, बाळंतिणीला धीर देतां येतो. त्याच्या पाल्यामुळीवर आमचा राग नाहीं, दुसऱ्याच्या घराकडे वळणाऱ्या त्याच्या बोटावर आहे. सरकारनें रस्ता करावा, दवाखान्यांत डॉक्टर राहील असें पहावें, शाळेंत मास्तर टिकेल असें पहावें. मग भगताची अर्धी सत्ता आपोआप जाईल. आणि उरलेल्या अर्ध्या सत्तेसाठीं आपण वाचकांनीं पुढील गोष्टी कराव्या, अशी आमची विनंति आहे.

म्हैस आटली तर आधीं गुरांच्या डॉक्टरास आणावें. लेंकराला ताप भरला, माणसाला पान लागलें, तर १०८ ला फोन करावा. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यांत जाऊं न देतां मंत्र घालीत बसविणें हाहि याच कायद्याखालीं गुन्हा आहे. गांवांत कोणा बाईचें नांव दबक्या आवाजांत घेतलें जाऊं लागलें, कीं त्याच दिवशीं पोलीस पाटलास सांगावें. या कायद्याच्या अंमलासाठीं पोलीस ठाण्यांत दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे, त्याच्याकडे तक्रार द्यावी. आणि जिचें नांव घेतलें जात आहे, तिच्या ओट्यावर गांवांतील पांच-सहा शहाण्या माणसांनीं, बायका-पुरुष मिळून, संध्याकाळीं जाऊन बसावें, चहा मागून घ्यावा. त्या एका चहानें तिला जितकें संरक्षण मिळेल, तितकें पुष्कळ वेळां पोलीसच्या शिपायानेंहि मिळत नाहीं.